खाण्यात नखरे करणाऱ्या पोरांसाठी: स्वतःच्या हातानं करायचा पोटभर नाश्ता

सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी सुरू झाली की घरातली मोठी माणसं उजाडता उजाडता वावरात जातात. तेरा-चौदा वर्षांचं पोरगं किंवा पोरगी मागे घरी राहते, आणि शाळेची एसटी पकडायच्या आधी चहात दोन बिस्किटं बुडवून निघते. त्या नाश्त्यानं दुसऱ्या तासालाच पोट खवळतं. याच वयात भूक दुप्पट होते आणि नखरेही दुप्पट होतात. याला कांदा दिसला नाही पाहिजे, तिला टमाटरची साल चालत नाही, कुणाला काहीही ‘गिळगिळीत’ नको असतं.

यावर चालणारा रस्ता साधा आहे. पोरगं आज जे खातंय तेच हाती धरा आणि त्यात दाणे, बेसन, हरभरे किंवा अंडं यांपैकी एक गोष्ट वाढवा. नुसते पोहे किंवा नुसती पोळी लवकर पचते. प्रथिनांची जोड मिळाली की दुपारच्या सुटीपर्यंत तग धरता येतो. 100 ग्रॅम पोह्यांत 6-7 ग्रॅम प्रथिनं असतात, 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25, बेसनात 20 च्या आसपास, आणि एका अंड्यात साधारण 6.

एक गोष्ट मात्र करू नका. नको असलेली भाजी गुपचूप कुस्करून पदार्थात लपवू नका. पोरांना ते कळतं, आणि मग आवडते पोहेसुद्धा संशयानं चाळले जातात. कांदा नको असेल तर सरळ वगळा. चव हवी पण तुकडा नको, असं असेल तर कांदा किसून तेलात बदामी होईपर्यंत परता, तो मसाल्यात विरून जातो. टमाटर मधोमध कापून किसणीवर घासला की गर खाली पडतो आणि साल हातात राहते. काय घातलंय ते पोराला माहीत असू द्या, कारण करणारं तेच आहे.

आदल्या रात्री

सकाळची निम्मी वेळ शोधाशोधीत जाते. म्हणून जाड पोहे, बेसन, दाणे, मिसळणाचा डब्बा, तेल आणि सराटा (उलथणं) एकाच फळीवर, पोराच्या हाताला येतील असे ठेवा. रविवारी अर्धा किलो फल्लीदाणे (शेंगदाणे) मंद आचेवर भाजून, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम भरले तर आत वाफ धरते आणि दाणे नरम पडतात. हरभरे करायचे असतील तर रात्री भिजवा. किमान आठ तास लागतात, आणि सकाळी कुकरला चार-पाच शिट्ट्या. कुकरचं काम पहिल्या महिन्यात मोठ्यांनीच करावं. कांदा रात्री चिरून ठेवू नका, सकाळी त्याला उग्र वास येतो.

गॅसची शिस्त एकदाच, पण नीट शिकवा. खिडकी उघडी, रेग्युलेटर चालू, आधी लायटर बर्नरजवळ, मग बटन फिरवायचं. ओढणी किंवा सैल बाही बांधलेली. कढीपत्ता आणि मिरची धुतल्यावर पुसून घ्यायची, कारण तेल उडतं ते पाण्याच्या थेंबामुळे. तेलानं पेट घेतलाच तर गॅस बंद करून वर झाकण टाकायचं. पाणी कधीही ओतायचं नाही, आग अंगावर येते.

पोहे: सगळ्यांना येतात, बहुतेकांचे बिघडतात

एका वाढत्या पोरासाठी (वाटी म्हणजे वरणाची मध्यम वाटी): जाड पोहे दीड वाटी, शेंगदाणे पाव वाटी भरून, तेल दोन मोठे चमचे, मोहरी-जिरं पाव-पाव चमचा, हिरव्या मिरच्या दोन, कांदा एक लहान, हळद पाव चमचा, मीठ अर्धा चमचा, साखर चिमूटभर, सांभार (कोथिंबीर) आणि अर्धं लिंबू.

1. पोहे आधी कोरडेच चाळा. भुसा आणि चुरा खाली पडू द्या, लगदा होतो तो या चुऱ्यामुळे.
2. चाळणीतच पाणी ओता, हात फिरवत वीस-तीस सेकंद भिजवा आणि निथळायला ठेवा. गंजात (पातेल्यात) पाणी भरून पोहे बुडवून ठेवायचे नाहीत.
3. पाच मिनिटांनी एक पोहा दोन बोटांत दाबा. सहज तुटला पण पीठ झालं नाही, तर बरोबर. मध्ये कडक टोक लागलं तर पाण्याचा एक हबका मारून आणखी दोन मिनिटं थांबा.
4. मीठ आणि साखर आता पोह्यांवरच भुरभुरवा आणि बोटांनी मोकळं करा. कढईत टाकलं तर एका घासात खारट आणि दुसऱ्या घासात अळणी लागतं.
5. तेल गरम करा, आच मंद करा, दाणे टाका. तडतडून एक-दोन साली सुटल्या की बाहेर काढा. आधीच भाजलेले असतील तर शेवटीच घाला.
6. त्याच तेलात मोहरी. ती पूर्ण तडतडू द्या, कच्ची मोहरी कडू लागते. मग जिरं, मिरची, कांदा. कांदा पारदर्शक झाला की हळद, आणि लगेच पोहे. हळद एकटी तेलात राहिली की जळते, रंग मळकट होतो.
7. सराट्यानं खालून वर उलथा, दाबू नका. झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटं. वर दाणे, सांभार, लिंबू.

घशात अडकणारे कोरडे पोहे म्हणजे मोठी आच आणि उघडी कढई. पातळ पोहे चिवड्याचे, ते भिजवले की संपलं, कितीही मन लावून केले तरी गोळाच होणार.

लिंबू इथे नुसतं चवीसाठी नाही. पोह्यांतलं आणि दाण्यांतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, आणि चहा त्याच्या उलट काम करतो. वाढत्या मुलींच्या बाबतीत हे जास्त पाहावं. संत्र्याच्या दिवसांत चहाऐवजी एक संत्रं द्या, चहा हवाच असेल तर तासाभरानं.

तर्री, म्हणजे तिखट पातळ रस्सा, हा नागपुरी पोह्यांचा जीव, पण सकाळी घाईत पोराला जमणारी नाही. आदल्या संध्याकाळी मोठ्यांनी हरभऱ्याची पातळ तर्री करून ठेवावी. ती फ्रिजमध्येच ठेवावी. सकाळी पोरानं ती चांगली उकळून पोह्यांवर घालायची. तिखट न चालणाऱ्यांना तर्रीतले हरभरे तेवढे काढून द्या, काम तेच होतं.

बेसनाचं धिरडं

‘गिळगिळीत’ची तक्रार असेल तर हे जमतं, कारण कडा कुरकुरीत येतात. बेसन एक वाटी, ज्वारीचं पीठ दोन मोठे चमचे, ओवा चिमूटभर चोळून, हळद, तिखट आणि मीठ प्रत्येकी पाव ते अर्धा चमचा. यात तीन धिरडी होतात.

पाणी एकदम ओतू नका. आधी अर्धी वाटी पाणी घालून घट्ट पेस्ट फेटा, गुठळ्या इथेच मोडतात. मग आणखी पाणी थोडं थोडं. पळीतून ओतलं की सलग धार पडायला हवी आणि पळीच्या पाठीला थर राहायला हवा. दहा मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात अंघोळ होते.

खरी अडचण तव्याची असते. घरचा लोखंडी तवा रोज भाकरीचा, त्यावर तेलाचा थर नसतो, जळकं पीठ तेवढं चिकटलेलं असतं. अशा तव्यावर पहिलं धिरडं फाटणारच, आणि पोरगं म्हणणार मला येत नाही. जमलं तर धिरड्याचा तवा वेगळा ठेवा. एकच असेल तर तो तापवून कोरड्या फडक्यानं पुसा, चमचाभर तेल घाला आणि अर्धा कांदा काट्याला टोचून पूर्ण तव्यावर घासा. मग पाण्याचे दोन थेंब टाका. थेंब नाचून उडाले तर तवा तयार, जागेवरच चुरचुरले तर अजून थांबा.

आता आच मध्यम करा, पळीभर पीठ मधोमध ओता आणि पळीच्या पाठीनं गोल पसरवा. कडेनं थोडं तेल. वरची ओली चकाकी गेली आणि कडा आपोआप सुटल्या, तेव्हाच उलटा. घाई केली की तुटतं. आतून कच्च्या बेसनाचा वास आला तर जाड पसरलंय किंवा आच मोठी आहे: वरून भाजलं, आत राहिलं. सोबत दही, नाहीतर जवसाची चटणी आणि तेल. कांदा खाणाऱ्यांनी बारीक चिरून पिठातच घालावा.

अंडा-पोळी

अंडं चालणाऱ्या घरात पोरांना सगळ्यात जास्त हीच आवडते, आणि दहा मिनिटांत होते. रात्रीच्या दोन पोळ्या, दोन अंडी. अंडी आधी पाण्यात टाकून पाहा: तळाला आडवी बसली तर ताजी, वर तरंगली तर टाकून द्या. वाटीत फोडून मीठ आणि तिखट घालून फेटा, पिवळं-पांढरं वेगळं दिसायला नको. तेल लावलेल्या तव्यावर निम्मं ओता आणि अर्धवट आळलं, वर थोडं ओलं आहे तोवर पोळी त्यावर दाबून ठेवा. तो ओलावाच पोळीला धरतो. उशीर केला तर पोळी सुटी राहते. मिनिटभरानं उलटा, पोळीची बाजू भाजा, गुंडाळी करा. हातात धरून एसटी स्टँडपर्यंत खाता येते.

शिळ्या पोळीचा कुस्करा

तीन पोळ्या हातानं नखाएवढ्या तुकड्यांत तोडा. मिक्सरमध्ये फिरवल्या की पीठ होतं आणि पाण्याच्या हबक्यानं त्याचा चिखल. तुकड्यांवर दोन चमचे पाणी शिंपडून मळल्यासारखं हलवा. पोह्यांसारखीच फोडणी करा, दाणे दुप्पट घाला, आणि तुकडे टाकून झाकणाखाली दोनच मिनिटं. जास्त वेळ ठेवलं की ते कडक होऊन दातात येतात. भाकरी दह्यात किंवा ताकात कुस्करून वर भुरका (तेलात परतलेलं तिखट) घालून खावी. फार जणांना तीच आवडते, फक्त ‘नाश्ता’ म्हणून कुणी वाढत नाही.

शिळा भात मात्र जपून. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात असे जिवाणू वाढू शकतात ज्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. फोडणीचा भात करायचा तर रात्रीचा भात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवलेला असावा. फ्रिज नसेल तर मार्च ते जूनमध्ये तो विषयच सोडून द्या.

गॅस न पेटवता

सकाळच्या शाळेच्या दिवसांत गरम काही घशाखाली उतरत नाही. सातूचं पीठ चार मोठे चमचे, किसलेला गूळ एक चमचा, आणि गार दूध किंवा पाणी एक गिलास. आधी तीन-चार चमचे दुधातच पीठ कालवा, मग बाकीचं ओता. उलट केलं तर वर कोरड्या गोळ्या तरंगतात आणि नखरेल पोरगं पहिल्या गोळीलाच गिलास खाली ठेवतं.

दुसरा पर्याय मुरमुऱ्यांचा. मुरमुरे नुसते हवाच, म्हणून दोन मुठी मुरमुऱ्यांना एक मूठ फुटाणे आणि एक मूठ भाजलेले दाणे. तेल, तिखट, मीठ खायच्या वेळीच लावा, आधी लावलं की सादळतात.

मॅगीचा हट्ट होणारच. होऊ द्या, आठवड्यातून एकदा, पण मसाला अर्धा टाका आणि उकळत्या पाण्यात मूठभर सोललेले वटाणे आणि एक फोडलेलं अंडं सोडा. अंडं टाकल्यावर मिनिटभर हलवू नका, नाहीतर त्याच्या चिंध्या होतात. पांढरं पूर्ण घट्ट झालं की उतरवा.

शिकवायचा क्रम

मुरमुरे आणि सातूपासून सुरुवात करा, मग कुस्करा, मग अंडा-पोळी, मग पोहे, आणि धिरडं शेवटी. एक पदार्थ सलग दोन-तीन रविवार करू द्या. तुम्ही तिथेच बसा पण सराटा हातात घेऊ नका. जळलेलं असेल तर काय जळलं ते विचारा: मोहरी, हळद की दाणे. वासावरून ओळखता आलं की पुढच्या वेळी आच वेळेवर कमी होते.

आणि भांडी. बेसनाचा गंज आणि अंड्याची वाटी रिकामी झाल्याबरोबर त्यात गार पाणी भरून ठेवायचं, गरम पाणी नाही. गरम पाण्यानं अंडं आणि बेसन भांड्याला शिजून चिकटतं. तवा मात्र ओला ठेवायचा नाही. तो गरम असतानाच पुसून, तेलाचं बोट फिरवून टांगून ठेवायचा, म्हणजे उद्याचं धिरडं चिकटत नाही.