व्याख्यानाला जायचंय? वही घ्या
नागपूर विद्यापीठात बालशिक्षणावरचं खुलं व्याख्यान असलं की मी बालवाडी सुटल्यावर थेट अमरावती रोडचा कॅम्पस गाठते. हार, सत्कार, दीपप्रज्वलन चालू असतं तेवढ्यात वहीत तीन रकाने पाडा: वक्ते ज्या प्रयोगांबद्दल सांगतील त्यातल्या मुलांचं वय, घरची भाषा, त्यांना नेमकं काय करायला लावलं. स्लाइड उतरवत बसू नका.

उदाहरणार्थ, मुलं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या जीन बर्को यांनी १९५८ साली मुलांना काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून अनेकवचन विचारलं होतं. हे घरीही जमतं, बरं का! कागदावर एक ‘गुबा’ काढा, शेजारी दुसरा. ‘आता हे दोन...?’ मूल ‘गुबे’ म्हणालं, तर ते त्याने कुठे ऐकलेलं नसतं. नियम त्याने स्वतःच लावलेला असतो.

शेवटी प्रश्न एकच विचारा, तोही बिनधास्त मराठीत. प्रश्नाच्या नावाखाली भाषण ठोकणारे काका असतातच. त्यांच्याआधी हात वर करा.