लिस्बनचे चार दिवस: बॅग भरण्याआधीची तयारी

तिकीट काढायच्या आधी कॅलेंडर समोर घ्या. लिस्बनमध्ये जेरोनिमोसचा मठ आणि बरीचशी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. घरगुती खाणावळींपैकी कित्येक रविवारी नाहीतर सोमवारी कुलूप लावतात. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकायची आपली सवय इथे अंगाशी येते. मंगळवारी पोहोचावं आणि शनिवारी निघावं, हे मला सगळ्यात बरं वाटतं. जूनमध्ये जाणार असाल तर १२ तारखेची रात्र आधीच पाहून ठेवा. त्या रात्री सांतु आंतोनियुचा, म्हणजे संत अँथनीचा, उत्सव असतो आणि अल्फामा या चढावरच्या जुन्या वस्तीच्या बोळांत दारोदारी सार्डिन, म्हणजे आपल्या तारल्यांचीच भावंडं, निखाऱ्यावर भाजली जातात. गर्दी आणि धूर नको असेल त्यांनी ती तारीख टाळावी, मासेखाऊंनी मुद्दाम गाठावी. खोल्या मात्र त्या आठवड्यात महाग असतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे पोर्तुगालसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण सुट्ट्यांच्या मोसमात अर्ज द्यायला अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. मोठ्यांसाठी फी ९० युरो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

खोली घेताना फोटो नंतर बघा, आधी चढ बघा. नकाशावर पाच मिनिटं दिसणारं अंतर प्रत्यक्षात सव्वाशे पायऱ्या निघू शकतं. अल्फामा देखणा आहे, पण आईबाबा सोबत असतील किंवा मोठी बॅग असेल तर सपाटीवरच्या बायशा भागात उतरा आणि इमारतीला लिफ्ट आहे का ते स्पष्ट विचारा. शहराचा कर माणशी, रात्रीला ४ युरो पडतो, तो बहुधा वेगळा भरावा लागतो. पदपथ चुनखडीच्या छोट्या चिऱ्यांचे आहेत, पायांनी घासून घासून गुळगुळीत झालेले. पावसात त्यांच्यावर घसरायला होतं. नवे कोरे बूट नेऊ नका. घरी महिनाभर वापरलेले, रबरी तळव्याचे न्या. उन्हाळ्यातही संध्याकाळी नदीवरून वारा सुटतो, म्हणून एक पातळ जॅकेट असू द्या.

आता खाण्याकडे येऊ, कारण माझ्या मते या शहरात आधी जेवणं ठरवावीत आणि ठिकाणं त्यांच्या अवतीभवती बसवावीत. दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते तीन. त्यानंतर बऱ्याच स्वयंपाकघरांत चूल विझते ती रात्री साडेसातपर्यंत. किल्ला बघता बघता साडेतीन वाजले की मग पर्यटकांसाठी फोटोंची पाटी लावलेल्या जागीच बसावं लागतं. दुपारी ‘प्रातु दु दिआ’, म्हणजे आजचं ताट, विचारा. स्वस्तही असतं आणि ताजंही. बसल्या बसल्या न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह समोर येतील. त्याला कुव्हेर म्हणतात आणि ते फुकट नसतं. पहिल्या रात्री आम्ही चौघांनी ‘काय आतिथ्य आहे’ म्हणत सगळं फस्त केलं आणि बिल बघून गप्प झालो. नको असेल तर हात न लावता परत करा, कुणी वाईट वाटून घेत नाही. पैसे देताना ‘कोंत्रिबुइंत?’ असं विचारतील. तो तिथल्या लोकांचा करक्रमांक असतो, तुम्ही ‘नांउ’, म्हणजे ‘नाही’, म्हणायचं. काही छोट्या जागी परदेशी कार्ड चालत नाही, म्हणून पन्नासेक युरो रोख खिशात हवेत.

शाकाहारी मंडळींनी एक चिठ्ठी लिहून ठेवावी: ‘सेंय कार्न, सेंय पेश’, मांस नको, मासा नको. हिरवं सूप दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. काल्दु व्हेर्दमध्ये बटाट्याच्या दाट रश्शात बारीक चिरलेली पालेभाजी असते आणि वर डुकराच्या सॉसेजची चकती तरंगत असते. त्या भाजीचं नाव कोव्ह, आणि आपली कोबी त्याच शब्दातून आलेली. मेनू वाचताना पाव, बटाटा, अननस, काजू सारखे भेटत राहतात, त्याची मजा वेगळीच. अंडं न खाणाऱ्यांना मात्र पश्तेल द नाता, म्हणजे इथली कस्टर्ड भरलेली छोटी पेस्ट्री, चालणार नाही. ती अख्खी पिवळ्या बलकावर उभी आहे.

मासे खाणाऱ्यांनी बाकाल्याउ एकदा तरी खावा. हा उत्तरेच्या थंड समुद्रातला कॉड, खारवून वाळवलेला आणि शिजवण्याआधी पाण्यात भिजत घातलेला. सुकी मासळी ओळखीची असेल त्यांना लगेच पटतो. सुरुवातीला अंडं आणि बटाट्याच्या सळ्यांबरोबर परतलेला ‘आ ब्राश’ मागवा.

बेलेम या नदीकाठच्या भागासाठी सकाळ राखून ठेवा आणि तिथल्या जेरोनिमोसच्या मठाचं तिकीट ऑनलाइन काढा. मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ मध्ये कोचीत मेला आणि आधी तिथेच पुरला गेला होता. मठातून चालत जाऊन १८३७ पासून चालू असलेल्या दुकानात गरम नाता खा, वर दालचिनीची पूड भुरभुरून. बाहेरची रांग बघून घाबरू नका, आत बसायला भरपूर खोल्या आहेत. लिस्बनबाहेरच्या सिंत्रा या राजवाड्यांच्या गावी रोसियु स्टेशनवरून गाडी साधारण ४० मिनिटांत पोहोचते, पण पेना राजवाड्याला ठरावीक वेळेचं तिकीट लागतं आणि पूर्ण दिवस जातो. चार दिवसांत तो दिवस देववत नसेल तर सिंत्रा सरळ सोडा. अर्ध्या दिवसात उरकायची ती जागा नाही. लिस्बनमध्ये २८ नंबरच्या ट्रामने फिरायचं तर सकाळी लवकर जा आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

फादो, म्हणजे इथलं आर्त पारंपरिक गाणं, जेवता जेवता ऐकायचं तर टेबल आधी राखावं लागतं. गाणं चालू झालं की दिवे मंद होतात, वाढपीही थांबतात, आणि काट्याचमच्याचा आवाज केलात तर शेजारचे बघतात. म्हणून पोटात थोडं घालूनच जा.

शेवटची रात्र मात्र मोरारिया या जुन्या वस्तीकडे ठेवा. गोवेकरांनी चालवलेली छोटी खानपानघरं या शहरात आहेत. तिथल्या मेनूवर शाकुती, सारापातेल आणि बेबिंका पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये दिसतील, आणि काउंटरवर शामुसा, म्हणजे आपला समोसा. टेबलं मोजकीच असतात, तेव्हा दोन दिवस आधी फोन करा, आणि कोकणी येत असेल तर कोकणीतच बोला.