घाटात गिअर उतरवताना झटका नको: ऑटो-ब्लिपर कसा वापरायचा

बाइकने कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना चौथ्यावरून तिसरा टाकला की कधी कधी मागचं चाक अडखळतं. समजा, त्या वेगाला चौथ्यात इंजिन 4500 आरपीएमवर आहे आणि तिसऱ्यात 5700 हवेत. ही तफावत चाकाला ओढून भरावी लागते, तोच झटका.

ऑटो-ब्लिपर म्हणजे गिअर उतरवताना इंजिनचे आरपीएम आपोआप वाढवून ही तफावत भरणारी यंत्रणा. गिअर लिव्हरच्या दांड्यावरचा सेन्सर पायाचा दाब ओळखतो, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थ्रॉटल क्षणभर उघडतो. बहुतेक गाड्यांत त्यासाठी राइड-बाय-वायर, म्हणजे केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल लागतं. साध्या केबलच्या गाडीत क्लच दाबून मनगटानेच हलकी रेस द्यायची. स्लिपर क्लच, म्हणजे चाकाकडून उलटा जोर आला की थोडा घसरणारा क्लच, वेगळा. तो झटका मऊ करतो, आरपीएम जुळवत नाही.

वापरताना अॅक्सिलरेटर पूर्ण बंद, क्लचला हात नाही. लिव्हर एका दमात शेवटपर्यंत दाबा आणि पाय लगेच उचला. एका वेळी एकच गिअर. पाय लिव्हरवर टेकलेला राहिला तर पुढचा गिअर पडत नाही, सेन्सरला दाब सुटल्याचं कळतच नाही. अर्धवट दाबलं तर खोटा न्यूट्रल (दोन गिअरच्या मध्येच अडकणं), आणि उतारावर इंजिन ब्रेकिंग गायब! तेव्हा लिव्हर तुडवू नका. ब्रेक धरा, क्लच दाबा, गिअर घ्या.

आरपीएम आधीच लाल पट्ट्याजवळ असेल तर ईसीयू गिअर उतरवायला मदत करणार नाही, तेच बरं. सगळं नीट करूनही खडखड येत असेल तर आधी चेन सैल आहे का बघा.