पडून राहिलेलं आउटबोर्ड मशीन: दोरी ओढायच्या आधीची कामं

मालवणात मामाच्या पडवीत गोणपाटाखाली पाच पावसाळे काढलेलं, होडीच्या मागे अडकवायचं 8 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन माझ्या ताब्यात आलं, तेव्हा पहिल्याच दिवशी मी वीसेक वेळा दोरी ओढली. मामा ओटीवरून म्हणाला, "दोरी तुटतली, पण मशीन चालू होवचा नाय. आदी खोल तरी!" तेच बरोबर होतं. कोरड्या सिलिंडरमध्ये गंजाचे कण असतील, तर प्रत्येक ओढीला आत ओरखडा पडतो.

म्हणून आधी दोन्ही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकात चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी वरचं फ्लायव्हील हातानं, सावकाश फिरवा. अडकलं तर जोर लावू नका. तेल घालून आणखी दोन-तीन दिवस थांबा. मोकळं फिरू लागलं की कॉम्प्रेशन गेजनं, म्हणजे आतला दाब मोजायच्या काट्यानं, दोन्ही सिलिंडर तपासा. गेज गॅरेजवाल्याकडून तासभर मागून आणता येतं. आकड्यापेक्षा दोघांतला फरक बघा. तो दहा टक्क्यांच्या वर गेला, तर पुढचा खर्च करण्याआधी मेकॅनिक गाठा.

आता ठिणगी. नवा प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग मशीनच्या अंगाला टेकवा, रबरी मुठीच्या पकडीनं धरा आणि दोरी ओढा. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळट, मरगळलेली दिसली तर आधी वायरींची गंजलेली टोकं पॉलिश पेपरनं घासा. आसपास पेट्रोल उघडं ठेवू नका, हे सांगायला नकोच.

पेट्रोलचं काम किचकट नाही, पण चिकट आहे. टाकीतलं जुनं पेट्रोल मशीनला घालायचं नाही. कार्बोरेटरची खालची वाटी उघडली तेव्हा माझ्या हाताला काकवीसारखा तपकिरी थर लागला. कार्ब क्लीनर मारून वाटी, फ्लोट, सुई साफ करा. जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीच्या, बारीक भोकात तार खुपसायचा मोह होतो; तो टाळा, भोक मोठं झालं की पेट्रोल-हवेचं मिश्रण कायमचं बिघडतं. हवेच्या दाबानं फुंकून काढा. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो किती फेरे आत जातो ते मोजून लिहून ठेवा. मी लिहिलं नव्हतं, आणि एक अख्खी दुपार त्यात गेली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरतं आणि जुन्या रबराला फुगवतं. त्यामुळे पेट्रोलच्या नळ्या आणि पेट्रोल चढवायला दाबायचा फुगा सरसकट बदला.

बहुतेक जण इथे थांबतात, कारण मशीन आता सुरू होतं. पण मशीन मरतं ते खालच्या अर्ध्यामुळे.

गिअरच्या पेटीला दोन स्क्रू असतात, एक वर, एक खाली. दोन्ही काढा, खाली परात ठेवा. तेल काळं निघालं तर ठीक. दुधाच्या चहासारखं निघालं तर आत पाणी शिरलंय. मग पंखा काढून दांडा बघा. आमच्या दांड्यावर वीतभर तंगूस (मासे पकडायची नायलॉनची दोरी) गुंडाळलेली होती आणि तिनं ऑइल सील सुरीसारखं कापलं होतं. सील बदलल्यावर नवं मरीन गिअर ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरून ओघळेपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते. आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा, दोन्हींना नवे वॉशर घालून.

आता गिअरची पेटी उतरवा आणि मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलरही बदला. ही रबरी चकती वर्षानुवर्षं एकाच बाजूला दबून राहते. आमची बाहेर काढली तेव्हा तिची पाती वाळलेल्या पाकळ्यांसारखी वाकून तशीच राहिली होती. नव्या पात्यांना थोडं ग्रीस लावा, दांडा घड्याळाच्या दिशेनं फिरवत झाकण बसवा आणि इम्पेलरला दांड्यावर अडकवणारी छोटी चावी (धातूचा तुकडा) खाली पडली नाही ना, ते बघा.

चाचणी उघड्यावर, पाणी भरलेल्या मोठ्या पिंपात घ्या, आणि पंप पूर्ण बुडलेला हवा. पाण्याबाहेर काही सेकंद चालवलं तरी नवा इम्पेलर जळू शकतो. पेट्रोल-ऑइलचं मिश्रण कंपनीनं सांगितलं असेल तेच: 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली ऑइल, 25:1 म्हणजे 40. गिअर न्यूट्रलला ठेवा आणि बंद करायची दोरी मनगटाला अडकवा. सुरू झाल्यावर धुराकडे बघू नका, मागच्या भोकातून पंप बाहेर टाकतो त्या पाण्याच्या बारीक धारेकडे बघा. पाव मिनिटात पाणी आलं नाही तर लगेच बंद करा. आमच्याकडे नाहीच आलं. नवा इम्पेलर, नवं पॅकिंग, तरी भोक कोरडं. शेवटी त्या धारेच्या भोकात तार घातली, तर कुंभारमाशीनं आत मातीचं घर बांधलेलं!

मशीन गरम झाल्यावरच आयडलचा (मंद चालीचा) स्क्रू जुळवा. थंड असताना जुळवलेलं पाण्यात टिकत नाही.

जून-जुलैची मासेमारी बंदी उठल्यावर पहिली फेरी मारली. मी मशीनला अजून मागे अडकवतच होतो, तोवर मामानं न बोलता दोन वल्ही होडीत टाकली होती.