हात चांगला, पण डोकं आडवं येतंय? बास्केटबॉल खेळाडूंनो, या चुका टाळा

२१ जून २०२१. आपल्याकडे सकाळ, फिलाडेल्फियात आदल्या दिवसाची रात्र. एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) अटलांटा हॉक्सविरुद्ध मालिकेतला सातवा, म्हणजे निकालाचा सामना. साडेतीनेक मिनिटं उरलेली आणि फिलाडेल्फिया दोन गुणांनी मागे. फिलाडेल्फियाचा सहा फूट दहा इंचांचा बेन सिमन्स रिंगखाली वळला, तेव्हा पुढ्यात होता अटलांटाचा सहा फूट एक इंचाचा ट्रे यंग. उडी मारायची आणि चेंडू आत कोंबायचा, एवढंच काम. सिमन्सने चेंडू बाजूच्या सहकाऱ्याला, मॅटिस थायबुलला देऊन टाकला. थायबुलवर फाउल झाला, दोनपैकी एकच फ्री थ्रो (फाउलनंतर रेषेवरून मिळणारा मोकळा शॉट) पडला आणि सामना १०३-९६ असा हातचा गेला.

मी हातातला चहा तसाच धरून टीव्हीवर ओरडलो होतो. पुढे संध्याकाळी मुलांना शिकवताना तो पास पुन्हा पुन्हा दिसायला लागला. लेव्हल वेगळी, सवय तीच.

पहिली चूक: न घेतलेला शॉट कुणी मोजत नाही, असं धरून चालणं

सिमन्स २०१६च्या ड्राफ्टमधला (संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीतला) पहिला खेळाडू, २०१८चा सर्वोत्तम नवोदित, तीनदा ऑल-स्टार. त्या प्लेऑफमध्ये मात्र त्याचे ७३ पैकी २५च फ्री थ्रो पडले. डंक मारायला (उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबायला) गेलो तर फाउल होणार, फाउल झाला की रेषेवर उभं राहावं लागणार आणि तिथे सगळं स्टेडियम बघणार. मग रिंगकडे जायचंच कशाला? अटलांटाविरुद्धच्या शेवटच्या चार सामन्यांत चौथ्या क्वार्टरला त्याने रिंगवर एकही शॉट घेतला नाही. पास देणं दिसायला निःस्वार्थी दिसतं, म्हणून ही सवय कोचच्याही नजरेतून सुटते. पुढचा अख्खा मोसम तो खेळला नाही, मधेच ब्रुकलिनला गेला. पाठीच्या दुखण्यानेही त्याला छळलं, हे खरं. पण रिंगकडे पाठ फिरवायची सवय त्याआधीची.

यावर माझा उपाय फारच गावठी आहे. बेंचवरच्या पोराच्या हातात वही द्यायची आणि एकच रकाना भरायला सांगायचा: घेता आला असता, पण घेतला नाही. चुकलेले शॉट लिहायचेच नाहीत. पहिल्या दिवशी आमच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूच्या नावापुढे अकरा रेघा होत्या. त्याने वही हिसकावून दोनदा मोजल्या.

दुसरी चूक: कसं दिसेल, या भीतीने चालणारा उपाय सोडणं

हे उदाहरण मला सगळ्यात जास्त टोचतं. एनबीएचा दिग्गज विल्ट चेंबरलेन याने २ मार्च १९६२ रोजी एका सामन्यात १०० गुण केले. त्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो होते. आयुष्यभर रेषेवर धडपडलेला माणूस त्या मोसमात चेंडू दोन्ही हातांनी खालून, लहान मुलं टाकतात तसा टाकत होता. आणि तो पडत होता! तरी त्याने ती पद्धत सोडली. आपण बायकी दिसतो असं वाटायचं, हे त्यानेच नंतर कबूल केलं. १९६७-६८मध्ये त्याची फ्री थ्रोची टक्केवारी ३८वर आली. एनबीएतल्याच रिक बॅरीने मात्र हसणाऱ्यांना हसू दिलं आणि खालूनच टाकत कारकिर्दीत नव्वदीच्या घरात राहिला.

आपल्या मैदानांवर हेच वेगळ्या रूपात दिसतं. कमकुवत हाताने लेअप (पळत जाऊन रिंगजवळून टाकायचा शॉट) मारायला सांगा. पोरं एकटी असताना मारतात, कोपऱ्यात चार मित्र उभे असले की लगेच उजवा हात पुढे येतो.

तिसरी चूक: चुकलेल्या शॉटचा चुकीचा हिशेब

१९९५च्या एनबीए अंतिम फेरीचा पहिला सामना, ऑर्लँडोविरुद्ध ह्यूस्टन. ऑर्लँडो तीन गुणांनी पुढे, शेवटचे काही सेकंद, त्यांचा निक अँडरसन फ्री थ्रोच्या रेषेवर. दोन चुकले, रिबाउंड (चुकून परत आलेला चेंडू) त्यालाच मिळाला, पुन्हा फाउल झाला, पुन्हा दोन चुकले. ह्यूस्टनने बरोबरी साधून जादा वेळेत सामना काढला आणि मालिकाही ४-०ने नेली. गंमत म्हणजे (गंमत कसली!) पुढच्या मोसमात अँडरसनची फ्री थ्रोची टक्केवारी फारशी घसरली नाही. घसरली ती १९९६-९७मध्ये, थेट ४०.४वर. मनात राहिलेला काटा कधीकधी असा उशिरा सलतो. सामन्यानंतर आठवड्याभरात पोरगा हसायला लागला म्हणून कोचने निश्चिंत होऊ नये.

त्याच्या शेजारी कोबी ब्रायंट ठेवून पाहा. मे १९९७, वय १८, युटाविरुद्ध मोसमातला शेवटचा सामना, चार एअरबॉल (रिंगला न लागताच पडलेले शॉट). त्याने हिशेब मांडला तो असा: चेंडू सरळ रेषेतच जात होते, फक्त आखूड पडत होते; म्हणजे एनबीएच्या लांब मोसमाने पाय थकले होते. मग पाय तयार करायचे. ‘दडपण आलं’ हे उत्तर सोपं असतं, पण त्यावरून उद्या सकाळी मैदानावर नेमकं काय करायचं ते कळत नाही. आखूड पडला, लांब गेला की डावी-उजवीकडे, एवढं तरी लिहून काढा.

आणि कोचची चूक: सगळंच डोक्यावर ढकलणं

२०१७च्या ड्राफ्टमधला पहिला, मार्केल फुल्ट्झ, याचा हात शॉट मारताना मध्येच अडखळायला लागला तेव्हा सगळ्यांनी त्याच्या मनाची चिरफाड केली. डिसेंबर २०१८मध्ये निदान झालं ते थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचं. यात मानेकडून हाताकडे जाणाऱ्या नसा खांद्यापाशी दबतात. तेव्हा आधी खांदा, मनगट, पाठ डॉक्टरला दाखवा, मग ‘घाबरतो’ म्हणा.

सरावाचं थोडक्यात सांगतो. एका जागी उभं राहून शंभर फ्री थ्रो टाकणं बंद करा. सामन्यात शंभर कधीच मिळत नाहीत. पळून दम लागल्यावर दोनच टाका, परत पळा. चेंडू किती वेळा आपटायचा, श्वास कधी सोडायचा, हे ठरवा आणि रोज तेच करा. आपल्याकडे फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमानुसार पाच सेकंद मिळतात, त्यात ते बसलं पाहिजे.

अकरा रेघावाल्याच्या नावापुढे परवा चार होत्या. त्यातली एक चुकीची आहे, असं म्हणून तो वहीवाल्याशी अजून भांडतोय.