होडीचं ड्रोन चित्रण: पाण्यावर होणाऱ्या या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात लग्नाआधीचं शूटिंग आता पाण्याशिवाय पुरं होत नाही. हिडकल धरणाच्या फुगवट्यात होडी, नविलुतीर्थाला मलप्रभेचं पाणी, मांजरी-अंकलीकडे कृष्णेत एखादी नाव, आणि डोक्यावर ड्रोन. पाण्यात गेलेले जे ड्रोन माझ्या पाहण्यात आहेत, त्यांतले बहुतेक बिघडलेले नव्हते. मोटर चालू, बॅटरी शिल्लक, सिग्नल भक्कम. ड्रोनने नेहमीसारखंच काम केलं, फक्त त्याच्या सगळ्या सवयी जमिनीवरच्या आहेत. खाली पाणी आहे हे त्याला कळत नाही आणि आपण तर पडद्याकडे बघून निवांत असतो. खालच्या बहुतेक चुका यातूनच होतात.

पडद्यावरची उंची पाण्यापासूनची आहे असं धरून चालणं

पडद्यावर जो उंचीचा आकडा दिसतो तो ड्रोन जिथून उडाला त्या जागेपासूनचा असतो. माळावर उडवताना याने काही अडत नाही. धरणावर अडतं. एप्रिल-मेमध्ये हिडकलचं पाणी इतकं खाली जातं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर उघडं पडतं. अशा वेळी गाडी उभी केलेल्या रस्त्यापासून पाण्यापर्यंत सरळ उतार असतो. वरून उडवून ड्रोन होडीजवळ नेला की पडद्यावर उणे १२, उणे १४ असे आकडे यायला लागतात. नवखा माणूस इथे घाबरतो तरी, किंवा आकड्याकडे बघायचंच सोडून देतो.

त्यावर उपाय सोपा आहे. शूटिंग सुरू करण्याआधी ड्रोन उतारावरून खाली आणा, आपणही पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहा, आणि तो समोर डोळ्यांच्या उंचीवर थांबवा. समजा पडद्यावर उणे १८ दिसतंय. डोळ्यांची उंची दीड मीटर धरली तर पाणी उणे साडेएकोणीसला आहे. म्हणजे उणे १३ च्या खाली ड्रोन न्यायचा नाही, कारण तिथून पाणी जेमतेम साडेसहा मीटर उरतं. हा आकडा मोबाईलच्या मागे पट्टी चिकटवून लिहून ठेवा. शूटिंगच्या घाईत डोक्यात राहत नाही.

आणखी एक. उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते आणि उड्डाण चालू असताना दाब किंवा तापमान बदललं की आकडा मीटर-दोन मीटर सरकू शकतो. जमिनीवर हे लक्षातही येत नाही. पाण्याला चाटून जाणारा शॉट घेताना मात्र तेवढ्याने पाते भिजते.

खालच्या सेन्सरला डोळा समजणं

ड्रोनच्या पोटाखालचे कॅमेरे जमिनीवरचे दगड, गवत, फरशीच्या रेषा बघून 'मी हललो की नाही' ते ठरवतात. वाहत्या कृष्णेवर त्यांना जे दिसतं तेच वाहत असतं, म्हणून ड्रोन प्रवाहाबरोबर सरकायला लागतो. राकसकोप जलाशयासारख्या शांत पाण्यावर त्यांना आभाळाचं प्रतिबिंब दिसतं. पोटाखालून जमिनीचं अंतर मोजणारा सेन्सरही पाण्यावर फसतो. मग एका जागी उभा असलेला ड्रोन उगाच वर-खाली डुलतो, कधी हळूहळू बसायला लागतो, कधी पडद्यावर उतरण्याची सूचना येते.

यातलं काहीही दिसलं की पहिलं काम म्हणजे रिमोटची डावी काठी वर, म्हणजे ड्रोन वर. कारण शोधायचं ते नंतर. पाण्यापासून पाच-सहा मीटरच्या वर राहिलात आणि उपग्रहांचा सिग्नल चांगला असला तर हा त्रास सहसा होत नाही. त्याखाली जायचंच असेल तर तिथे थांबून राहू नका. शॉट घ्या आणि वर या. आणि वेगात पुढे जाता जाता एकदम खाली आणून करकचून ब्रेक लावणं, ही सवय ज्याला आहे त्याने पाण्यावर जाऊच नये. घरी जाण्याची जागा, म्हणजे ड्रोन आपोआप जिथे परत येतो ती, नोंदली गेल्याची सूचना येईपर्यंत उडवू नका, हेही इथेच सांगतो. उपग्रहही नाहीत आणि खालचा डोळाही आंधळा, अशा ड्रोनला वारा नेईल तिकडे जावं लागतं.

होडीतून उडवून 'घरी परत' बटणावर सोडून देणं

ड्रोनचं घर म्हणजे तो उडाला ती जागा. होडीतून उडवलात तर ते घर पाण्यावरचा एक ठिपका होतं आणि होडी तर पुढे गेलेली असते. बॅटरी संपत आली किंवा रिमोटचा संपर्क तुटला की ड्रोन इमानदारीने त्या ठिपक्यावर परत येतो आणि तिथे उतरतो. पाण्यातच.

बऱ्याच मॉडेलमध्ये घराची जागा रिमोटच्या सध्याच्या जागेवर बदलता येते. होडीत बसून काम असेल तर दर थोड्या वेळाने ते करत राहावं लागतं आणि शॉट लागला की नेमकं हेच विसरतं. म्हणून माझं मत असं की होडीतून उडवूच नये. काठावरून उडवा, काठावरच उतरवा, घर जमिनीवर ठेवा. घरी परतण्याची उंची ठरवताना काठावरची झाडं आणि मोटरींच्या तारा बघा. कृष्णा-दूधगंगेच्या काठाला उसाला पाणी उपसणाऱ्या मोटरींचं वायरींचं जाळं असतं. बारीक तार ड्रोनच्या अडथळा-सेन्सरला बहुतेक वेळा दिसत नाही.

होडीतूनच उडवण्याला पर्याय नसेल तर तीन गोष्टी सांभाळा. कंपासचं कॅलिब्रेशन, म्हणजे दिशा जुळवून घेणं, काठावर, लोखंडापासून लांब उरकून घ्या. लोखंडी नावेत किंवा इंजिनाजवळ ड्रोन ठेवला की कंपास चुकतो. पुरात काठच्या गावांतून गूळ करायच्या काहिलीतून माणसांची ने-आण होते, त्या काहिलीत ठेवून ड्रोन चालू करणं म्हणजे चुकीला आवतण. दुसरं, डुलत्या होडीत ठेवून ड्रोन चालू केला तर आतले सेन्सर स्थिर होत नाहीत आणि चूक दाखवत बसतात. चालूही काठावरच करा. तिसरं उतरवण्याचं. नावाड्याला वल्ही थांबवायला सांगा, होडीचं तोंड वाऱ्याकडे करा, एक माणूस बसून ड्रोन खालून धरेल आणि रिमोट दुसऱ्याच्या हातात असेल. धरणाऱ्याने उभं राहायचं नाही. ड्रोन हातात आला तरी पाती थांबेपर्यंत तो डोक्याच्या वरच धरायचा. खालचा सेन्सर हाताला जमीन समजून कधी वर उसळतो, तेव्हा खेचाखेची करू नका. सोडा आणि पुन्हा आणा.

जाताना वाऱ्याबरोबर, येताना वाऱ्याविरुद्ध

काठावर झाडांच्या आडोशाला वारा जाणवत नाही. फुगवट्याच्या मधोमध त्याला अडवायला काहीच नसतं. उन्हाळ्यात दुपार कलली की पश्चिमेचं वारं सुटतं आणि ते ड्रोनला गंमत वाटावी असं पुढे नेतं. हिशोब करून बघा. २५० ग्रॅमच्या आतले छोटे ड्रोन साध्या मोडमध्ये साधारण सेकंदाला १० मीटर जातात. समोरून ८ मीटरचं वारं असेल तर हातात उरतात २ मीटर. एक किलोमीटर परत यायला आठ मिनिटांहून जास्त. आपोआप परत येताना ड्रोन जास्त वेगाचा स्पोर्ट मोड वापरत नाही, हेही ध्यानात ठेवा.

म्हणून आधी वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे वारं तोंडावर घेत जायचं, आणि दमलेल्या बॅटरीवर वाऱ्याबरोबर परत यायचं. वारं अंगावर आलंच तर उंची कमी करा, खाली वारं थोडं कमी असतं, आणि स्पोर्ट मोड लावून हाताने आणा. पाण्यावर मी ४० टक्क्यांना परत फिरतो. शेवटच्या दहा टक्क्यांसाठी शॉट शिल्लक ठेवणाऱ्याला कोण समजावणार.

नावाड्याशी आणि होडीतल्यांशी आधी न बोलणं

गोल होडीत नवरा-नवरी बसलेली, ड्रोन घों-घों करत खाली येतो, नवरी दचकून उठते आणि होडी एका बाजूला कलते. हे घडतं. ड्रोन किती जवळ येणार, कुठल्या बाजूने येणार, आणि काही झालं तरी उठायचं नाही, हे काठावरच सांगून होऊ दे. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, फोटोत वाईट दिसलं तरी. हवं तर शॉटपुरतं रंग जुळणारं घ्या.

नावाड्याला वाऱ्याचं आपल्यापेक्षा जास्त कळतं. "आता नको गा, त्या बाजूला पाणी तरतरायलंय, पाच मिन्टात वारं येतंय," असं मामांनी म्हटलं की मोबाईलवरचं हवामान बघत बसू नये. गळ टाकून, जाळं लावून बसलेले मासेमार असतील तर त्यांच्या डोक्यावरून जाऊ नका. त्यांच्या पोटाचा प्रश्न असतो, आणि जाळ्याच्या काठ्यांत ड्रोन अडकला तर काढायला त्यांनाच बोलवावं लागतं.

पक्ष्यांचंही तसंच. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळपेरावर नदीसुरय आणि टिटव्या अंडी घालतात, त्या ड्रोनवर तुटून पडतात. घार मागे लागली तर सरळ वर चढवा, घारीला सरळ उभं चढता येत नाही. गोकाकजवळचं घटप्रभा पक्षी अभयारण्य आणि खानापूरचं भीमगड अभयारण्य, इथे वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोनची पेटीच उघडू नका.

नकाशा न बघता उडवणं

ड्रोन नियम २०२१ देशभर एकच आहेत. दूधगंगेच्या या काठाला कर्नाटक आणि पलीकडे महाराष्ट्र असला तरी नियम बदलत नाही. ड्रोनला सीमाप्रश्न नाही, तो फक्त आपल्याला आहे. नोंदणी क्रमांक हवा. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यावरचा, दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी असेल तर लागत नाही, पण लग्नाच्या शूटिंगचे पैसे घेता म्हणजे ती हौस नव्हे. नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात, म्हणजे जिथे वेगळी परवानगी लागत नाही तिथे, १२० मीटरपर्यंत उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते आणि त्याच्या आत परवानगीशिवाय काहीच नाही.

सांबऱ्याचा विमानतळ, तिथलंच हवाई दलाचं केंद्र आणि शहरातला लष्करी भाग लक्षात घेतला तर बेळगावात उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघणं टाळता येत नाही. किल्ला तलावावर विसर्जनाचा किंवा होडीचा शॉट अनेकांना हवा असतो. तिथे शेजारी लष्कर आहे आणि ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभही. धरणांची भिंत आणि दरवाजे चित्रात घेण्याआधी पाटबंधारे खात्याला विचारा. राकसकोपचं पाणी तर शहर पितं. कारवारला जाणाऱ्यांनी नौदलाच्या तळापासून लांबच राहावं.

महापुरात मात्र उडवूच नये. २०१९ ला कृष्णाकाठ पाण्याखाली असताना बचावाच्या बोटी आणि हेलिकॉप्टर चालू होती, अशा हवेत हौशी ड्रोन म्हणजे अडथळाच.

चित्रात दिसणाऱ्या चुका

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उंचावरून घेतलेला शॉट. साठ मीटरवरून होडी मुंगीएवढी दिसते. सात-आठ मीटर उंची, वीसेक मीटर अंतर, आणि होडीच्या बाजूने समांतर चालवलंत तर वल्ह्याचं पाणी, मागे उमटणारी रेघ, माणसांचे चेहरे, सगळं येतं. पाठलाग करणारा मोड फेसाळ पाण्यात होडी हरवतो, आणि पुलाखालून जाणाऱ्या होडीमागे बिनधास्त पुलाकडे जातो, म्हणून तो पुलाजवळ बंद.

एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) दोन्ही बांधून टाका, नाहीतर उन्हाची तिरीप पाण्यावर आली की चेहरे काळे. सेकंदाला २५ फ्रेमला शटर १/५० ठेवायचं असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी लेन्सवरची काच, लागतोच. पोलराइझर पाण्याची चकाकी मारतो, पण तो उडवण्याआधी फिरवून बसवावा लागतो आणि ड्रोन वळला की परिणाम बदलतो. डिसेंबर-जानेवारीत कृष्णेवर सकाळी धुकं असतं तेव्हा लेन्सवर आणि सेन्सरवर दव धरतं. ऊन वर आल्यावर उडवा.

पडलाच तर

लगेच पाण्यात उडी मारू नका. ॲपमध्ये शेवटची जागा नोंदलेली असते, तिचा स्क्रीनशॉट घ्या. नावाड्याला तिथे न्या, वाहत्या पाण्यात त्या जागेच्या खालच्या अंगाला शोधा. बाहेर काढल्यावर 'चालू होतोय का' हे बघण्याचा मोह आवरा. आधी बॅटरी काढा, मेमरी कार्ड काढा. समुद्रात पडला असेल तर बॅटरी काढून उरलेला ड्रोन गोड्या पाण्याने धुवून घ्या, मीठ आत वाळलं की बोर्ड खातं. मग सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या आणि दुरुस्तीवाल्याकडे उघडायला द्या. तांदळाच्या डब्यात ठेवून उपयोग होत नाही. भिजलेली बॅटरी कितीही चांगली दिसली तरी पुन्हा चार्जिंगला लावू नका, घरात किंवा गाडीतही ठेवू नका. ती काही तासांनीही पेटू शकते. बाहेर मोकळ्यावर, वाळूच्या बादलीत ठेवा आणि नवी घ्या.