थ्रो-इन शिकवताना या चुका टाळा

आमच्या भागातल्या खेड्यापाड्यांतले बास्केटबॉलचे संघ शालेय स्पर्धेत उतरतात तेव्हा पोट्टे पळण्यात कोणाला हार जात नाहीत. मुरमाच्या मैदानावर उन्हातान्हात खेळलेली पोरं ती, दम कमी पडायचा नाही. पण बॉल रेषेबाहेर गेला, पंचांनी शिट्टी मारून तो बाहेरून आत टाकायला, म्हणजे थ्रो-इनला, आपल्या हातात दिला, की सगळं बिघडतं. आपला बॉल पाच सेकंदांत समोरच्या संघाच्या हवाली होतो. वर्षानुवर्षं त्याच त्या चुका बघतोय, आणि त्यातल्या बहुतेक पोरांच्या नाहीतच, शिकवणाऱ्यांच्या आहेत.

जो जवळ असेल त्यानं बॉल टाकायचा

बॉल बाहेर गेला की सगळ्यात जवळचा पोरगा धावत जातो, बॉल उचलतो आणि रेषेला चिकटून उभा राहतो. बाकीचे चौघं हात पुढे करून त्याच्याकडेच पळत येतात. "दे नं बे, इकडे दे!" त्यांच्यामागे त्यांना अडवणारे चौघं येतात आणि एवढ्याशा जागेत आठ जणांची गर्दी होते. पास टाकायला फटच उरत नाही. काही शिक्षक तर मुद्दाम सगळ्यात कच्च्या पोराला बाहेर उभं करतात, म्हणे चांगले चौघं आत राहतील. हे मला अजिबात पटत नाही. पूर्ण मैदान समोर दिसतं ते बाहेर उभ्या असलेल्यालाच. त्याचा पास चुकला तर आत कितीही चांगले खेळाडू असोत, काय उपयोग?

मी प्रत्येक संघात थ्रो-इन टाकणारे दोघंच ठरवतो, एक नेहमीचा आणि एक त्याच्या बदली. उंची असली तर बरं, पण उंचीवर निवडत नाही. पास देण्याआधी मान फिरवून दोन्हीकडे बघायची सवय कोणाला आहे, गडबडत कोण नाही, ते बघतो. बाकीच्यांनी बाहेर गेलेला बॉल पंचांकडे द्यायचा आणि आपली जागा धरायची, बस.

बॉल टाकणाऱ्याला पहिली गोष्ट शिकवायची ती म्हणजे पंचांच्या हातून बॉल हिसकावून घ्यायचा नाही. ५ सेकंद मोजायला सुरुवात होते ती बॉल त्याच्या ताब्यात दिल्यावर. त्याआधी पंच बॉल आणतात, जागा दाखवतात, तो सगळा वेळ फुकटचा आहे. तेवढ्यात खेळीचं नाव ओरडा, चौघं जागेवर आहेत का बघा, मग हात पुढे करा. ही पाच सेकंदांची मर्यादा खेळाइतकीच जुनी आहे. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथनी १८९१ साली लिहिलेल्या मूळ १३ नियमांतही ती होती. तरी आजही आपली पोरं ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी गोंधळतात.

दुसरं, रेषेपासून एक पाऊल मागे उभं राहा. बचाव करणाऱ्याला रेषेवरून हात बाहेर काढता येत नाही, त्यामुळे एका पावलाचं अंतर म्हणजे डोळ्यांसमोर मोकळी जागा. आमच्याकडच्या कित्येक शाळांत रेषेमागे लगेच भिंत, पाण्याची टाकी, नाहीतर कडुनिंबाचं झाड असतं. अशा वेळी एक नियम फार थोड्यांना ठाऊक असतो: रेषेबाहेर २ मीटरपेक्षा कमी मोकळी जागा असेल, तर बचाव करणाऱ्यानं बॉल टाकणाऱ्यापासून किमान १ मीटर लांब राहायचं असतं. कर्णधारानं पंचांना नम्रपणे त्याची आठवण करून द्यायला काही हरकत नाही.

मोबाइलवर अमेरिकेतल्या एनबीए लीगचे व्हिडिओ बघणारी पोरं चौथ्या सेकंदाला हातांनी टाइम-आउटची खूण करतात. आपल्याकडे सामने फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी होतात. इथे टाइम-आउट मैदानातल्या खेळाडूला मागता येत नाही, तो प्रशिक्षकानं गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलवर मागायचा असतो, आणि थ्रो-इनसाठी बॉल एकदा हातात आला की ती संधीही गेली. तीन मोजेपर्यंत कोणी मोकळं झालं नाही तर सगळ्यात मागच्या, राखीव माणसाकडे पास. तो माणूस कोण, हे आधी ठरलेलं हवं.

बास्केट झाल्यावरचा आणि शिट्टीनंतरचा थ्रो-इन एकच समजणं

या चुकीनं मी एक अख्खा सामना जाताना पाहिला आहे. सतरा वर्षांखालच्या मुलींचा जिल्ह्याचा सामना होता. लांबच्या तालुक्याचा संघ एका गुणानं पुढे, शेवटचे काही सेकंद उरलेले. त्यांच्याच रिंगखाली शेवटच्या रेषेवरून बॉल बाहेर गेला, समोरच्या मुलीच्या हाताला लागून. म्हणजे थ्रो-इन यांचाच. एकदा बॉल आत आला की सामना जिंकल्यात जमा. मुलीनं बॉल घेतला, समोरची उंच होती, म्हणून ती रेषेमागून सरळ पळत दुसऱ्या कोपऱ्याकडे निघाली. शिट्टी. बॉल समोरच्या संघाला, त्याच जागेवरून, म्हणजे रिंगच्या अगदी शेजारून.

पुढचं अजून वाईट. पाचही मुली पंचांशी वाद घालायला वळल्या. एक तर थ्रो-इनच्या जागेसमोरच पाठ करून उभी. समोरच्या संघाच्या मुलीनं बॉल घेतला, हळूच त्या पाठीवर टाकला, आत पाऊल टाकून स्वतःच झेलला आणि रिंगमध्ये घातला. नियमात बसतं ते. सामना संपला. त्या संघाचे सर सगळ्यांदेखत पोरीवर ओरडत होते आणि ती रडत एकच सांगत होती, "सर, आमी तं रोज असंच करतो."

खरंच बोलत होती ती. सरावात थ्रो-इन येतो तो जवळपास नेहमी बास्केट झाल्यावर. त्या वेळी रेषेमागे हवं तेवढं पळता येतं, बाहेरच उभ्या दुसऱ्या साथीदाराला पासही देता येतो. बॉल बाहेर गेल्यावर किंवा फाउलनंतर मात्र पंच दाखवतील त्या जागेवरून आडवं सरकायचं ते एकूण १ मीटरच. मागे हवं तेवढं जा, आडवं नाही. पोरीला हा फरक कोणी सांगितलाच नव्हता, आणि बोलणी मात्र तिनं खाल्ली. ते बघून आजही जीव तुटतो.

माझी सवय सांगतो. सकाळी सरावाआधी रेषा आखताना शेवटच्या रेषेमागे फक्कीनं एक मीटरच्या दोन खुणा करतो. मग सराव थांबवून कधीही ओरडतो, "बास्केट!" किंवा "शिट्टी!" बास्केट म्हटलं की पळायचं, शिट्टी म्हटलं की दोन खुणांच्या आत राहायचं. रेषेवर पाय पडला तर चालतं, बॉल हातात असताना रेषेच्या आत मैदानात पडला तर नाही, हेही तिथेच सांगून होतं. आणि बॉल कोणाचाही असो, पंचांनी काहीही दिलेलं असो, बॉलकडे पाठ करायची नाही. पाठीवर बॉल टाकायची ती युक्ती मात्र मी नवशिक्यांना शिकवत नाही. दोन दिवसांत त्यांना दुसरं काही सुचेनासं होतं आणि सरळ पास टाकायचा राहून जातो.

ढीगभर खेळी

स्पर्धेला आठ दिवस उरले की शिक्षक वहीत सात-आठ आकृत्या काढून आणतात. पोरांना एकही धड येत नाही. दहावीपर्यंतच्या पोरांना एक चौकोनी रचना पुरते. दोघं रिंगच्या दोन बाजूंना, दोघं फ्री-थ्रो रेषेच्या टोकांना. खालचे दोघं वर जाऊन वरच्यांसाठी स्क्रीन लावतात, म्हणजे त्यांना अडवणाऱ्यांच्या वाटेत उभे राहतात. बॉलच्या बाजूचा वरचा खेळाडू रिंगकडे कापतो, लांबचा बॉलच्या बाजूच्या कोपऱ्यात जातो. मग बॉलच्या बाजूचा स्क्रीन लावणारा बॉलकडे वळून हात दाखवतो आणि दुसरा मध्यरेषेकडे मागे जातो. तोच राखीव माणूस, बॉल गेला तर बचावही त्याचाच. हे अंगात मुरलं की पुढचं बघू. उतावळ्या पोरांना दुसऱ्याच दिवशी "सर, नवीन सांगा नं" असं होतं. नाही सांगायचं.

स्क्रीन लावणारा दोन्ही पाय रोवून थांबलेला हवा. हलत्या स्क्रीनवर फाउल मिळतो. कापणाऱ्यानं तो थांबेपर्यंत दम धरायचा आणि त्याच्या अंगाला घासून जायचं, मध्ये माणूस घुसेल एवढी जागा ठेवायची नाही.

बॉल हातात आला की लगेच टप्पा मारायचा नाही. आधी वळून रिंगकडे बघा.

थ्रो-इन टाकला की बाहेरच उभं राहून खेळ बघत बसू नका. लगेच आत या, तुम्हाला अडवणाऱ्याची मान बॉलमागे वळलेली असते आणि त्या क्षणाला तुम्हीच सगळ्यात मोकळे असता.

रिंगखालच्या रंगवलेल्या चौकटीत तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, या नियमाच्या भीतीनं तिच्यातून बाहेर पळू नका. शिट्टीनंतरच्या थ्रो-इनच्या वेळी घड्याळ थांबलेलं असतं, तोपर्यंत तीन सेकंद मोजत नाहीत. आत कोणी बॉलला हात लावला की घड्याळ सुरू.

आणखी एक, खास आपल्याकडची अडचण. शालेय स्पर्धा येतात त्याच सुमारास सोयाबीन काढणी असते, मग कापसाची वेचणी. रोज कोणीतरी शेतात, कोणाची एसटी चुकलेली. ठरलेली पाच पोरं ठरलेल्या पाच जागांवर पाठ करून बसली आणि त्यातलं एक आलं नाही, की खेळी मोडली. म्हणून बॉल टाकणारे दोघं सोडून बाकी सगळ्यांना चारही जागा फिरवून शिकवतो. सरावात जागेचा आकडा ओरडतो, एक ते चार, ज्याचं नाव घेईन त्यानं त्या आकड्यावर जाऊन उभं राहायचं. खाली उजवीकडे एक, खाली डावीकडे दोन, वर उजवीकडे तीन, वर डावीकडे चार.